वेग पेलायचा कसा?

बुलढाणा जिल्ह्याला वेग दोनदा मिळाला आणि दोन्ही वेळा तो बाहेरून, तयार होऊन आला. पहिल्यांदा रेल्वेने. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर अधिकच खिळली. मलकापूर, नांदुरा, शेगाव या वाटेने जाणाऱ्या मुख्य लोहमार्गाला खामगावची कापूसपेठ जोडायची म्हणून १८७० साली जलंबपासून सुमारे तेरा किलोमीटरचा फाटा टाकला गेला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले. दुसऱ्यांदा वेग आला तो ११ डिसेंबर २०२२ रोजी. त्या दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांच्या शिवारातून, सोयाबीन आणि कपाशीच्या पट्ट्यांमधून सहा पदरी काँक्रीटचा रस्ता सरळ निघून गेला. त्याची आखणी ताशी १५० किलोमीटरची आहे, मोटारींना परवानगी १२० ची.

पुढच्याच पावसाळ्यात, १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी स्लीपर बस रस्त्याच्या कडेला धडकून उलटली आणि पेटली. दरवाजाची बाजू खाली दबली. पंचवीस माणसे आत जळून गेली.

त्या रात्रीनंतर खूप चर्चा झाली. चालकाला डुलकी लागली का, टायर फुटला का, रस्त्यालाच काही दोष आहे का. प्रत्येक प्रश्न योग्य होता. पण या सगळ्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न क्वचितच कोणी विचारला: वाहनाला वेग पेलता यावा म्हणून नेमके काय काय करावे लागते? हे काम एकेका भागापासून कसे केले गेले, याचे एक उत्तम नोंदलेले उदाहरण इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात सापडते. १९६१ साली जगासमोर आलेली जॅग्वार ई-टाइप ही दोन आसनी कूपे मोटार. तिचे नाव आज ज्या टाटा समूहाच्या मालकीचे आहे, त्याचे मोठे मोटार कारखाने आणि संशोधन केंद्र पुण्यात आहेत. त्यामुळे ही परक्यांची गोष्ट राहिलेली नाही.

ई-टाइप म्हटले की लोक तिच्या सौंदर्याबद्दल बोलतात. लांबलचक बॉनेट, काचेखाली दडलेले दिवे, मागे उतरत जाणारे छत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९९६ साली एक ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली. पण ज्या माणसाने हा आकार काढला, त्याला स्वतःला ‘स्टायलिस्ट’ म्हणवून घेणे आवडत नसे. माल्कम सेयर हा विमानांच्या कामातून आलेला अभियंता. ब्रिस्टल एअरोप्लेन कंपनीत तो हवेचे शास्त्र शिकला, मधली काही वर्षे त्याने बगदादला अभियांत्रिकी शिकवण्यात घालवली आणि १९५० च्या सुमारास तो जॅग्वारमध्ये दाखल झाला. त्याच्या टेबलावर मातीचे नमुने कमी, आकडे जास्त. स्लाइड रूल आणि लॉगॅरिथमच्या कोष्टकांवरून तो मोटारीच्या प्रत्येक वळणाचे बिंदू काढी आणि ते बिंदू मोठ्या कागदावर उतरवी. शर्यतीच्या मोटारींच्या पत्र्यावर लोकरीचे धागे चिकटवून त्या चाचणीच्या रस्त्यावर पळवल्या जात आणि धागे कुठे सरळ राहतात, कुठे फडफडतात याची छायाचित्रे घेतली जात. हवा पत्र्याला कुठे चिकटून जाते आणि कुठे सुटते, हे त्यावरून कळे.

हे आकडे अचूक ठरले असे मात्र नाही. पुढे वाऱ्याच्या बोगद्यात मोजले तेव्हा ई-टाइपला होणाऱ्या हवेच्या विरोधाचा गुणांक ०.४४ च्या आसपास निघाला. आजची साधी कौटुंबिक मोटारही त्याहून सरस असते. जास्त वेगात तिचे नाक वर उचलले जाई, हेही खरे. तरीही सेयरची पद्धत मला मोलाची वाटते, कारण त्याने दिसण्याआधी वागण्याचा विचार केला. ताशी दोनशे किलोमीटरला ही वस्तू कशी वागेल, हा त्याचा पहिला प्रश्न होता आणि सौंदर्य त्या उत्तरातून आले.

त्यामागे दहा वर्षांची शर्यतींची तपश्चर्या होती. जॅग्वारने ल मां येथील चोवीस तासांची शर्यत १९५१ आणि १९५३ साली सी-टाइपने जिंकली आणि १९५५, ५६, ५७ अशी सलग तीन वर्षे डी-टाइपने. १९५३ चा विजय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डनलॉप कंपनीबरोबर काम करून जॅग्वारने त्या मोटारींना चारही चाकांवर डिस्क ब्रेक बसवले होते. तोवर मोटारी ड्रम ब्रेकवर चालत. उतारावर किंवा सतत वेगात ब्रेक दाबत राहिले की ड्रम तापतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल नुसते खाली जाते. घाटात ट्रक चालवणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही चालकाला हे वेगळे सांगायला नको. डिस्कची चकती उघडी असते, तिला वारा लागतो, ती लवकर निवते. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, वळणाच्या तोंडाशी, जॅग्वारचे चालक इतरांपेक्षा कितीतरी उशिरा ब्रेक लावू शकत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच सरासरी ताशी शंभर मैलांच्या वर शर्यत पूर्ण केली. थांबण्याची खात्री होती, म्हणून पळण्याची हिंमत झाली.

आणि त्याच मैदानावर दोन वर्षांनी काय घडले, तेही विसरता येत नाही. ११ जून १९५५ ला शर्यतीत माइक हॉथॉर्नच्या जॅग्वारने पिटकडे वळण्यासाठी वेग कमी केला. मागची ऑस्टिन-हीली बाजूला झाली आणि तिच्या मागून अतिवेगाने येणारी मर्सिडीज तिच्यावर चढून प्रेक्षकांत फेकली गेली. चालक पिएर लव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक ठार झाले. दोष कोणाचा, यावर आजही वाद होतो. मला त्यात दिसते ते एवढेच: एका रस्त्यावर वेगवेगळ्या वेगाची वाहने अगदी जवळ आली, कोणी अचानक थांबले, कोणाला थांबता आले नाही आणि बाजूच्या माणसांना वाचवेल असा कठडा तिथे नव्हता. समृद्धीवर १२० ने जाणारी मोटार आणि ८० च्या मर्यादेतला मालट्रक एकाच दिशेने जात असतात. दर सेकंदाला मोटार त्या ट्रकच्या अकरा मीटर जवळ येते. ट्रकचा मागचा दिवा बंद असेल, किंवा तो रस्त्याच्या कडेलाच उभा असेल, तर अंधारात तो दिसेपर्यंत उरलेले अंतर पुरत नाही.

आता मूळ मोटारीकडे. १५ मार्च १९६१ ला जिनिव्हात ई-टाइप दाखवली गेली. जॅग्वारचाच बॉब बेरी राखाडी कूपे कॉव्हेंट्रीहून स्वतः चालवत घेऊन गेला. बघणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की दुसरी मोटार मागवावी लागली आणि चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस रातोरात हिरवी उघडी मोटार घेऊन युरोप पार करून पोहोचला. किंमत सुमारे २,१०० ते २,२०० पौंड. त्या काळी तेवढ्या वेगाच्या मोटारी जवळजवळ दुप्पट दराने विकल्या जात. ब्रिटिश नियतकालिकांच्या चाचणीत तिने ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटर गाठले. चाचणीच्या मोटारी खास तयार केलेल्या होत्या आणि त्यांना शर्यतीचे टायर लावले होते. हेही सांगितले पाहिजे, कारण गिऱ्हाइकाच्या हाती आलेली मोटार सहसा तेवढी पळत नसे.

पत्र्याखाली काय होते, ते पाहू. त्या काळच्या अनेक स्पोर्ट्स मोटारींत चासीच्या दोन लांब तुळया आणि त्यांवर बसवलेले शरीर असे. ई-टाइपचा मधला भाग म्हणजे पत्र्याची एकसंध पेटी. पत्राच भार वाहतो. डी-टाइपवरून घेतलेली ही रचना हलकी आणि पिळाला घट्ट. तिच्या पुढे चौकोनी नळ्यांचा पिंजरा बोल्टने जोडलेला, त्यात इंजिन, आणि या सगळ्यावर एकच मोठे बॉनेट, पुढच्या बिजागरीवर उघडणारे. इंजिन सहा सिलिंडरचे, ३७८१ सीसी, वर दोन कॅमशाफ्ट, तीन कार्ब्युरेटर, कंपनीच्या मोजमापात २६५ अश्वशक्ती. या एक्सके इंजिनाचा जन्म युद्धकाळातला. विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली हे तिघे कारखान्याच्या छतावर आगीच्या पहाऱ्याला असत. बाँब पडण्याची वाट पाहत जागलेल्या त्या रात्रींत त्यांनी युद्धानंतरच्या मोटारीच्या इंजिनाचा विचार केला. १९४८ साली बाजारात आलेले ते इंजिन १९९२ पर्यंत बनत राहिले.

माझ्या मते ई-टाइपचे खरे अभियांत्रिकी वैभव मागच्या चाकांशी आहे. त्या काळच्या बहुतेक मोटारींत, आपल्याकडच्या ॲम्बॅसॅडरमध्येही, मागे एक सलग ॲक्सल आणि खाली पाटे असत. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही हलणार. जॅग्वारचा अभियंता बॉब नाइट याने दोन्ही मागची चाके स्वतंत्र केली. डिफरन्शियल, स्प्रिंगा आणि ब्रेक हे सगळे एका पोलादी पिंजऱ्यात बसवून तो पिंजरा रबराच्या ठोकळ्यांवर मोटारीला टांगला. चाकाकडे जाणारा फिरता दांडाच वरच्या आधाराचे काम करी. जॅग्वारचा संस्थापक सर विल्यम लायन्स याने पाच पौंडांची पैज लावली होती की महिन्याभरात हे जमणार नाही, आणि नाइटने ती जिंकली, अशी गोष्ट जॅग्वारच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. याच रचनेने खडबडीत रस्त्यावर मागची चाके जमिनीला धरून राहिली आणि आत बसलेल्याचे हाड मोडले नाही. पुढे पस्तीसएक वर्षे जॅग्वारच्या मोटारी याच तत्त्वावर धावल्या.

कूपेच्या छताची कहाणी वेगळीच. बॉब ब्लेक हा पत्रेकाम करणारा अमेरिकन कारागीर. उघड्या मोटारीवर त्याने लोखंडी तारा वाकवून छताची रेषा शोधली आणि सेयरच्या गणिताला आपल्या हाताची जोड दिली. लायन्सने ते पाहिले आणि तसेच बनवायला सांगितले. मोटारीचे बॉनेट अनेक तुकडे जोडून बने आणि सांधे शिशाने भरून हाताने घासले जात. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत एसटीच्या गाड्यांची शरीरे बांधणाऱ्या आपल्या कारागिरांना हे काम पाहताच ओळखू आले असते.

दोषही पुष्कळ होते आणि ते लपवले गेले नाहीत. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते, आसने पाठीला टोचत, इंजिन गर्दीत तापे, ब्रेकचा बूस्टर कमजोर होता आणि आत दडवलेले मागचे ब्रेक गरम होत. १९६४ साली ४.२ लिटरच्या आवृत्तीत गिअरबॉक्स, ब्रेक आणि आसने बदलली. वेग तोच राहिला, तो पेलण्याची तयारी वाढली. १९७१ मध्ये बारा सिलिंडरचे इंजिन आले, १९७४ मध्ये उत्पादन थांबले. तोवर ७२ हजारांहून अधिक ई-टाइप बनल्या होत्या.

समृद्धीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी अशी. ई-टाइपच्या सुमारे सोळा महिने आधी, २ नोव्हेंबर १९५९ ला, ब्रिटनचा एम-वन महामार्ग खुला झाला. वेगाला मर्यादा नाही, मध्ये कठडा नाही, रात्री दिवे नाहीत. गावाच्या रस्त्यांसाठी बनलेल्या मोटारी लोकांनी तिथे तासन्‌तास दामटल्या. इंजिने तापली, टायर फुटले, कडेला बंद मोटारींच्या रांगा लागल्या. धुक्यात एकावर एक आदळून माणसे मेली. अखेर डिसेंबर १९६५ मध्ये ताशी ७० मैलांची, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरची मर्यादा आली. आधी तात्पुरती, पुढे कायमची. पुढच्या आसनांवर पट्टा बांधणे सक्तीचे व्हायला मात्र १९८३ उजाडले. रस्ता एका दिवसात खुला होतो, वाहन आणि माणूस त्याच्या लायक व्हायला पंचवीस वर्षे लागतात. ज्या देशाने ई-टाइप बनवली, त्यालाही ही किंमत चुकवावी लागली. आपल्याला मात्र त्यांच्या चुका आधीच माहीत आहेत, म्हणून तेवढा वेळ घेण्याची सबब आपल्याकडे नाही.

महाराष्ट्राकडे ही शिस्त नव्हती असे नाही. सुमंत मुळगावकर या मराठी अभियंत्याने टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, उभी केली. लंडनच्या इंपीरिअल कॉलेजात शिकलेल्या या माणसाने पुण्याचा कारखाना बांधताना मोटारी बनवणाऱ्या यंत्रांची हत्यारे स्वतः घडवण्याचा आणि शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणाचा आग्रह धरला. दुसऱ्याकडून आराखडा घेतला तरी तो भाग का तसा आहे, हे आपल्या माणसाला कळले पाहिजे, हा त्यामागचा विचार. टाटा सुमो हे नाव त्याच्याच नावाच्या अक्षरांवरून आले. पुण्यातच १९६६ साली वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था स्थापन झाली. २ जून २००८ ला टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलर देऊन घेतले. १९९८ साली ज्या कंपनीने इंडिकाचे रूप ठरवायला इटलीतल्या तुरिनची मदत घेतली, ती दहा वर्षांत सेयर आणि नाइटच्या वारशाची मालक झाली. २०२४ साली जॅग्वारची शेवटची स्पोर्ट्स कूपे, एफ-टाइप, बंद झाली. जॅग्वार या नावाचे पुढे काय करायचे, हा निर्णयही आता भारतीय मालकीच्या कंपनीचा आहे.

मालकी मिळाली, पण त्या मालकीने खामगाव-मेहकरच्या रस्त्यावरचे वाहन बदलत नाही. ज्या टाटा समूहाकडे जॅग्वार आहे, त्याच समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ मोटारीच्या मागच्या आसनावर बसलेले असताना अपघातात गेले. पोलिसांच्या सांगण्यानुसार मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता. भारी मोटार, आधुनिक ब्रेक, हवेच्या पिशव्या, सगळे असून एक पट्टा कमी पडला. गरीब प्रवाशाकडे तर यातले काहीच नसते. त्याची बस कोणत्या कारखान्यात बांधली, आत किती रेक्झिन आणि फोम भरला, संकटकाळी बाहेर पडायची खिडकी गादीच्या मागे बुजवली का, हे तिकीट काढताना त्याला कळत नाही.

भौतिकशास्त्र इथे कोणाची गय करत नाही. ६० च्या वेगावरून १२० वर गेलात की धडकेची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. १२० ला वाहन सेकंदाला ३३ मीटर जाते. डुलकीचे तीन सेकंद म्हणजे शंभर मीटर, आणि त्या शंभर मीटरांत स्टिअरिंगवर कोणाचाच हात नसतो. तापलेल्या काँक्रीटवर कमी हवेचा टायर आतून मळत जातो, त्याचे थर सुटतात आणि तो फुटतो. ई-टाइपसाठी डनलॉपचे वेगवान प्रवासाचे टायर ठरवून दिले होते, कारण कॉव्हेंट्रीच्या अभियंत्यांना ठाऊक होते की मोटारीचा वेग इंजिन ठरवते, पण तो जमिनीवर टिकतो टायरच्या हाताएवढ्या तुकड्यावर. आपल्याकडे दुसऱ्यांदा रबर चढवलेला टायर मागच्या चाकावर घालून बस रात्रीच्या पाचशे किलोमीटरला निघते आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही.

म्हणून माझे म्हणणे थेट आहे. रात्रीच्या स्लीपर बसची परवानगी नुसत्या कागदावर देऊ नये. बस आडवी पडली तर माणसे किती सेकंदांत बाहेर येतात, याची चाचणी प्रत्येक नमुन्यासाठी उघडपणे व्हावी आणि तिचा निकाल बसच्या दारावर लावावा. बस बांधणारी गॅरेजे आणि लहान कारखाने यांना आराखड्याचे प्रमाणपत्र असल्याशिवाय एकही गाडी रस्त्यावर आणू देऊ नये. लांब पल्ल्याच्या प्रत्येक बसमध्ये दोन चालक असावेत आणि ते खरेच आलटून पालटून चालवतात का, हे समृद्धीच्या नाक्यांवर तपासले जावे. टायरची तपासणी अपघातानंतरच्या आठवड्यापुरती न राहता वर्षभर चालावी. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून या जिल्ह्यात आहे. तिथल्या यंत्र अभियांत्रिकीच्या मुलांना प्रकल्पासाठी परदेशी मोटारींची चित्रे काढण्यापेक्षा समृद्धीवर चढणाऱ्या वाहनांचे ब्रेक, टायर आणि भार मोजायला पाठवावे. नाइटने मागचे एक चाक समजून घेतले, तसे या मुलांनी आपल्या बसचा एक ॲक्सल समजून घ्यावा. परिवहन खात्याने त्यांची मोजमापे स्वीकारावीत आणि त्यांवर कारवाई करावी. यात अवघड असे काहीच नाही, खर्चही फार नाही.

आणि मेहकर किंवा सिंदखेडराजाहून समृद्धीवर चढणाऱ्या वाचकाला एक विनंती. निघण्याआधी टायरच्या बाजूवर कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांकडे बघा. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. टायर पाच-सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर खाचा कितीही खोल दिसोत, तो या रस्त्यावर नेऊ नका. टायर गार असताना हवा मोजून घ्या, मागे बसलेल्यांना पट्टा लावायला लावा, आणि बसने जात असाल तर बसताच संकटकाळी उघडायची खिडकी कुठे आहे आणि ती फोडायचा हातोडा जागेवर आहे का, ते बघून घ्या. नसेल तर बस सुटण्याआधी विचारा.